वाळवंटातला हिवाळा आणि मोटरहोम: आधी रात्रीचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं आणि तुमच्या ७४ वर्षांच्या सासूबाई डिसेंबरच्या शेवटी तीन आठवडे मोटरहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, वाळवंटात फिरणार आहात. गाडी जुनी पण धडधाकट आहे. राहण्याच्या भागासाठी १०० अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप) एक लेड-अॅसिड बॅटरी, छतावर सपाट बसवलेलं २०० वॉटचं सोलर पॅनेल, गॅसवरचा ब्लोअरवाला हीटर आणि १०० लिटरची पाण्याची टाकी. दिवसा तिथे २० अंश तापमान असतं असं तुम्ही वाचलंय, म्हणून एवढं सामान पुरेल असं वाटतंय. पुरेल का, रात्रभर हीटर चालू ठेवून झोपलं तर चालेल का आणि आईंना न्यावं का, हे तुम्ही विचारलंय.

आईंना जरूर न्या. पण गाडी आहे तशी नेऊ नका, निघण्याआधी तिच्यात थोडे बदल करा. मी गेले अकरा हिवाळे असा प्रवास करते आहे आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत मीसुद्धा दिवसाचं तापमान बघूनच तयारी केली होती. तिथे दिवस तुम्हाला काहीच त्रास देत नाही. ऊन कोवळं असतं, हवा स्वच्छ, बाहेर खुर्ची टाकून बसावं असं वाटतं. मात्र ३३ अक्षांशाच्या आसपास डिसेंबरअखेर दिवस जेमतेम १० तासांचा असतो आणि उरलेले १४ तास सूर्य नसतो. बॅटरी, गॅस, पाणी, अंथरूण, सगळ्याची परीक्षा त्या १४ तासांत होते. म्हणून यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा: ही पहाटे सहापर्यंत टिकेल का?

दिवसा २० अंश आणि पहाटे शून्याखाली, असं तिथे सहज होतं. वाळवंटाच्या हवेत बाष्प फार कमी आणि आकाशात ढग नसतात, त्यामुळे जमिनीची उष्णता अडवायला वर काहीच नसतं. शिवाय कोरडी वाळू ऊब धरून ठेवत नाही. वरचे काही सेंटिमीटर दुपारी तापतात आणि सूर्य कलला की तितक्याच झपाट्याने निवतात. साडेचारला तुम्ही बाह्या दुमडून बसलेले असता आणि साडेसहाला टोपी शोधत असता.

त्यात उंचीचा भाग वेगळा. सरासरी दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. 'वाळवंट' या एका शब्दात फार वेगवेगळ्या जागा मावतात. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे आणि तिथूनच दिसणारं टेलिस्कोप शिखर ३,३६६ मीटर उंच, हिवाळ्यात बर्फाने झाकलेलं. गोबीच्या वाळवंटात हिवाळ्यात पारा उणे ४० पर्यंत जातो, तिथे तुमच्या गाडीचं काम नाही. तेव्हा मुक्कामाची जागा ठरवताना गावाच्या नावावरून हवामान बघू नका, त्या जागेची उंची बघा. तीन आठवड्यांच्या पहिल्या सफरीसाठी मी सांगेन की ६०० मीटरच्या वर रात्र काढू नका. वरचं बघायचं असेल तर दिवसा जाऊन या.

उंचीनंतर खोलगटपणा बघा. थंड हवा जड असते, रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहत सखल भागात साचते. एकदा संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा मी साधा थर्मामीटर घेऊन चालत निघाले. गाडी एका छोट्या टेकाडाच्या मध्यावर होती, तिथे ६ अंश. खाली झुडपांजवळच्या सपाटीवर गेले तर दोन. अंतर तीनशे पावलांचं, उंचीचा फरक दोन मजल्यांइतका. चालताना घोट्यांना आधी गारवा लागला, मग गुडघ्यांना, जणू कुणी थंड पाण्यात उतरतंय. तेव्हापासून मी उताराच्या मध्यावरच थांबते. माथ्यावर वारा झोडपतो, तळाला थंडी साचते, मधला पट्टा सगळ्यात सुखाचा.

आता बॅटरी. इथे तुमचा हिशेब चुकतोय आणि माझाही याच जागी चुकला होता.

दुसऱ्या हिवाळ्यातली रात्र. आमच्याकडेही तेव्हा तुमच्यासारखीच १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी होती. थर्मोस्टॅट, म्हणजे हीटरचं तापमान ठरवणारी कळ, २० वर लावून झोपलो. साडेतीनच्या सुमाराला जाग आली ती आवाज बदलल्यामुळे. ब्लोअरचा सूर खाली गेला होता, दमलेल्या माणसासारखा. मग तो थांबला. हीटरने स्वतःहून पुन्हा पेट घ्यायचा प्रयत्न केला, टिक टिक टिक, आणि लाल दिवा. सिलिंडरमध्ये गॅस भरपूर होता, पण ज्वाळेची ऊब घरात आणणारा पंखा विजेवर चालतो आणि वीज संपली होती. टॉर्च लावला तेव्हा श्वासाची वाफ दिसली. खिडकीच्या चौकटीतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बर्फाचा पांढरा टिपका जमला होता, ओळीने, शिवण घातल्यासारखा. बाहेर उणे चार होतं. सूर्य उगवायला अजून साडेतीन तास होते.

हिशेब साधा होता, मी तो मांडला नव्हता इतकंच. असा ब्लोअर ७ ते ८ अँपिअर खातो. थंड रात्री १४ तासांतला निम्मा वेळ तो फिरत असेल तर ५० ते ५५ अँपिअर-अवर गेले. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं कंट्रोल, फोनचं चार्जिंग मिळून आणखी १५. म्हणजे ६५ ते ७०. लेड-अॅसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढलं तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणजे वापरायला मिळणार ५०. शिवाय शून्य अंशाला तिची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, म्हणजे हातात ४०. सत्तर हवेत आणि चाळीस आहेत. ते अंतर पहाटे साडेतीनला समोर आलं.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत आणि त्यातली पहिली फुकट आहे: थर्मोस्टॅट २० ऐवजी १२-१३ वर ठेवा आणि अंथरूण-पांघरूण जाड करा. ब्लोअरचा वेळ साधारण एक-तृतीयांशाने कमी होतो, गॅसही वाचतो. दुसरी वाट म्हणजे त्याच जातीची, त्याच वयाची आणखी एक बॅटरी जोडणं. जुनीला नवी जोडू नका, जुनी नवीला ओढून खाली आणते. तिसरी, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यातली ८०-९० टक्के वीज निर्धास्त वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. मी आता तीच वापरते. पण तिची एक अट पक्की लक्षात ठेवा: शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही. त्या तापमानाला चार्ज केलं की आतल्या इलेक्ट्रोडवर लिथियम धातूचा थर बसतो आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीतलं नियंत्रण सर्किट चार्जिंग आपोआप बंद करतं. मग सकाळी पॅनेलवर लख्ख ऊन आणि बॅटरीत काहीच जात नाही, असं होतं आणि माणूस वायरी तपासत बसतो. उपाय एकच, बॅटरी बाहेरच्या कप्प्यात न ठेवता बाकाखाली, राहत्या भागात ठेवायची. तुम्ही लेड-अॅसिडच ठेवणार असाल तर ती रिकामी होऊ देऊ नका. पूर्ण चार्ज असलेली अशी बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे दहाच्या आसपास गोठते आणि तडकते.

काहीजण ब्लोअरवाला गॅस हीटर काढून डिझेल हीटर बसवतात. एकदा पेटला की तो फार कमी वीज घेतो, रात्रभरात १५-२० अँपिअर-अवर, आणि दोन-तीन लिटर डिझेल. फक्त हजार-दीड हजार मीटरच्या वर विरळ हवेत त्यात काजळी धरते, तेवढ्यासाठी उंचीनुसार जुळवून घेणारं मॉडेल लागतं. पहिल्याच सफरीआधी एवढा खर्च करा असं मी म्हणणार नाही. तुमचा हीटर चांगला आहे, त्याला वीज पुरवा.

सोलरबद्दल. तुमचं २०० वॉटचं पॅनेल उन्हाळ्यात खूप देत असेल. पण २१ डिसेंबरच्या सुमाराला ३३ अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३३-३४ अंशच वर येतो. छतावर सपाट पडलेल्या पॅनेलवर ते ऊन तिरकं पडतं, त्यामुळे थेट उन्हातला साधारण ५५ टक्केच भाग पदरात पडतो. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ५५ अंशांत उभं केलं की दुपारचं ऊन जवळपास सगळं मिळतं. मागच्या बाजूला उचलता येणारे पाय लावून घ्या, नाहीतर घडीचं एक पॅनेल जमिनीवर मांडा. जमिनीवरच्याचा आणखी एक फायदा असा की ते सकाळी आग्नेयेला, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी नैर्ऋत्येला वळवता येतं. (दक्षिण गोलार्धात, म्हणजे कालाहारी किंवा अटाकामात, हिवाळा जून ते ऑगस्ट आणि तोंड उत्तरेला.) धूळ रोज पुसा, पण कोरड्या फडक्याने घासू नका, वाळूच्या कणांचे चरे पडतात. आधी मऊ ब्रशने झाडा, मग ओलं फडकं. सपाट पॅनेलमधून तुम्हाला दिवसाला फार तर ४० अँपिअर-अवर मिळतील असं धरा, म्हणजे रात्रीचा खर्च त्याच्या आत बसवायला हवा. तो बसत नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी गाडी तासभर चालवावी लागेल किंवा विजेची सोय असलेल्या मुक्कामी जावं लागेल. तीन आठवड्यांत आठवड्यातून एक रात्र अशा ठिकाणी काढा असं मी तुम्हाला सुचवेन. टाक्या भरणं-रिकामं करणंही तेव्हाच होतं.

गॅसचं थोडक्यात सांगते. सिलिंडरमध्ये प्रोपेन आहे की ब्युटेन हे भरून घेतानाच विचारा. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वाफ व्हायचं थांबतं. सिलिंडर हलवला तर आत द्रव खळखळतो पण शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ देतं. हिवाळ्याला प्रोपेनच. सहा किलोवॉटचा हीटर जळत असताना तासाला ४०० ते ४५० ग्रॅम गॅस घेतो. थर्मोस्टॅट १३ वर असेल तर रात्रीला साधारण दोन किलो, २० वर असेल तर तीन किलो धरा. दोन सिलिंडर हवेतच, आणि पहिला संपला की त्याच दिवशी भरायचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, रात्रभर हीटर चालू ठेवण्याचा. इथे मला जरा ठासून बोलायचंय.

गाडीत कायमचा बसवलेला हीटर जळायला लागणारी हवा बाहेरून घेतो, धूर बाहेरच सोडतो आणि घरात फक्त गरम हवा देतो. त्याची तपासणी झालेली असेल, धुराची नळी शाबूत असेल, तर तो रात्रभर चालू ठेवून झोपा. पण सिलिंडरवर बसवायचे उघड्या ज्वाळेचे छोटे हीटर, शेगडी, कोळसा, यातलं काहीही ऊब मिळवण्यासाठी झोपताना चालू ठेवायचं नाही. दहा मिनिटंसुद्धा नाही. बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्वाळा कार्बन मोनॉक्साइड बनवते. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. प्रवासाचा शीण आहे असं वाटतं, विशेषतः वय झालेल्या माणसाला. दोघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली तर चर्चा न करता दार उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि तो जमिनीलगत, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतं, ते खाली साचतं. जुनी गाडी घेतली आहे म्हणता, तर तिच्यातला अलार्म उलटा करून मागची तारीख आजच बघा. या अलार्मांना मुदत असते, साधारण ५ ते १० वर्षं. बटण दाबल्यावर तो ओरडतो याचा अर्थ भोंगा चांगला आहे एवढाच, आतला सेन्सर संपलेला असू शकतो. शेजारी कुणी जनरेटर चालवत असेल तर वाऱ्याची दिशा बघून गाडी लावा.

उघड्या ज्वाळेचं दुसरं दुखणं म्हणजे ओल. एक किलो प्रोपेन जळलं की एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होतं. हे रसायनशास्त्राचं गणित आहे, त्यात सूट नाही. उघड्या हीटरचं ते सगळं पाणी घरातच राहतं. त्याशिवाय तीन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण लिटरभर पाण्याचं बाष्प सोडतात. ते थंड काचेवर, पत्र्यावर, गादीखाली जाऊन बसतं. पहिल्या हिवाळ्यात मी थंडीच्या भीतीने छताची खिडकी घट्ट लावून घ्यायचे आणि सहाव्या दिवशी गादी उचलली तर खालच्या फळीवर काळे ठिपके आले होते. वाळवंटात बुरशी, माझा विश्वासच बसेना.

यावर उपाय मात्र वाळवंटच देतं. बाहेरची हवा अतिशय कोरडी असते. छताची खिडकी दोन बोटं उघडी आणि दाराजवळची एक खिडकी किंचित उघडी ठेवली की ओली हवा वरून जाते, कोरडी खालून येते. यात वाया जाणारी ऊब हीटरच्या ताकदीपुढे नगण्य आहे. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची चटई घाला. समोरच्या काचेवर बाहेरून जाड पडदा चढवा. घरातली सर्वात जास्त ऊब त्या काचेतून जाते, आणि पडदा आतून लावला तर काच आणि पडद्याच्या मध्ये ओल धरते. सकाळी ऊन आलं की गादी उभी करा आणि सगळी दारं-खिडक्या तासभर उघडा. बस, तेवढ्याने घर कोरडं राहतं.

पाण्याच्या बाबतीत दोन काळज्या: ते पुरलं पाहिजे आणि ते गोठता कामा नये. तीन माणसांना काटकसरीने माणशी १० लिटर धरले तर तुमची १०० लिटरची टाकी तीन दिवस चालते. त्यावर पिण्यासाठी वेगळं, बंद डब्यांत, किमान ३० लिटर घेऊन चला आणि ते आत ठेवा. थंडीत तहान लागत नाही पण कोरड्या हवेत शरीर पाणी गमावत असतंच. आईंना दिवसभर घोट घोट द्यायची आठवण ठेवा.

गोठण्याचं म्हणाल तर टाकी सहसा गोठत नाही, एवढं पाणी एका रात्रीत बर्फ होत नाही. गोठतात ते बारीक भाग: पंपाजवळची गाळणी, नळाची आतली चकती, बाहेरून जाणारे पाइप. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि प्लास्टिक तडकतं. पारा उणे तीनच्या खाली जाणार असेल तर झोपताना पंप बंद करा, नळ उघडून पाइपातला दाब सोडा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. बाहेरून पाण्याची नळी जोडली असेल तर ती काढून गुंडाळून ठेवा.

आणि एक झडप. पुष्कळ मोटरहोमांच्या गरम पाण्याच्या बॉयलरला थंडीत आपोआप उघडणारी सुरक्षा-झडप असते. तिच्याजवळचं तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की ती उघडते आणि बॉयलरमधलं पाणी खाली जमिनीवर सोडून देते, बॉयलर फुटू नये म्हणून. पंप चालू राहिला असेल तर टाकीतलं पाणीही त्याच वाटेने जातं. पाण्याचा नळ ८० किलोमीटरवर असताना सकाळी गाडीखाली ओली वाळू बघणं म्हणजे काय ते मी अनुभवलंय. तुमच्या गाडीत ती झडप कुठे आहे ते निघण्याआधी शोधा, बहुतेक बाकाखाली किंवा कपाटाच्या तळाशी असते, आणि त्या कप्प्यात गरम हवेची एक नळी जाते ना ते बघा. सांडपाण्याच्या टाकीची मूठ सकाळी हलत नसेल तर जोर लावू नका, मोडते. ऊन येईपर्यंत थांबा.

जमीन. वाळवंटात मोटरहोम अडकते ती बहुधा शेवटच्या पन्नास मीटरांत, मुक्कामाची जागा समोर दिसत असताना. रस्ता सोडण्याआधी उतरून चाला. टाच जोरात रोवा. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतली तर साडेतीन-चार टनांची गाडी त्यावर न्यायची नाही. अडकलातच तर चाक फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीला ते स्वतःचा खड्डा खणतं. चाकापुढची वाळू फावड्याने काढा, टायरमधली हवा पाव हिश्शाने कमी करा, फळ्या घाला, सावकाश बाहेर या, आणि पुन्हा हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घेऊ नका. म्हणजे फावडं, दोन फळ्या, हवेचा पंप आणि प्रेशर गेज हे चार हवेत. टायरची हवा सकाळी थंड असताना मोजायची. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय उतरतो, त्यामुळे दुपारची मोजणी फसवते.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम कधीच नको. अरबीत त्याला वादी म्हणतात, आणि सगळ्या वाळवंटांत तो एकसारखाच फसवा: सपाट, स्वच्छ, वाऱ्यापासून आडोसा असलेला. हिवाळ्यातही पाऊस येतो, अमेरिकेतल्या मोहावेसारख्या वाळवंटात तर वर्षाचा बराचसा पाऊस हिवाळ्यातच पडतो. तो डोंगरात दूर पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत चांदण्या रात्री येतं. झुडपांच्या फांद्यांत कमरेच्या उंचीवर वाळकं गवत अडकलेलं दिसलं तर समजा, पाणी एवढं वर येऊन गेलंय. चिकणमातीच्या सपाट तळ्यांचंही तसंच. कोरडी असताना डांबरासारखी टणक, दोन सरी आल्या की शाडू भिजवल्यासारखी. अशा वेळी निघायची घाई करायची नाही. एक-दोन दिवस थांबलं की ऊन ती पुन्हा टणक करतं. म्हणून खाणं आणि पाणी नेहमी तीन दिवस जास्तीचं.

आणि कृपा करून गाडी आधीच वापरात असलेल्या चाकोरीतच लावा. काही वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो. ती नुसती माती नसते, शैवाल, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांनी विणलेली जिवंत साल असते. तीच वाळू धरून ठेवते. तिच्यावरून एकदा चाक गेलं की भरून यायला काही दशकं लागतात. मी पहिल्या वर्षी अशाच एका जागी गाडी वळवली होती. चार वर्षांनी तिथे पुन्हा गेले, माझ्या चाकांच्या खुणा तशाच होत्या.

वाऱ्याबद्दल एवढंच की बाजूची कनात रात्री आणि गाडी सोडून जाताना नेहमी गुंडाळलेली असावी, आणि वारा वाढला की गाडीचं तोंड वाऱ्याकडे करावं. उंदीर ऊब शोधत इंजिनात शिरतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून दोनपेक्षा जास्त रात्री एका जागी असाल तर रात्री बोनेट उघडं ठेवा. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. १९९३ साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटी भागात हंताव्हायरसचा फुप्फुसांचा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, तो मुख्यतः उंदरांच्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने होतो. जंतुनाशकाने भिजवा, हातमोजे घाला, मग पुसून घ्या.

निघण्याआधी घराजवळच, जितकी थंड मिळेल तितकी एक रात्र गाडीत काढा, विजेची वायर न जोडता. झोपताना आणि उठल्यावर बॅटरीचा व्होल्टेज आणि गॅस सिलिंडरचं वजन लिहून ठेवा. ते दोन आकडे तुम्हाला माझ्या सगळ्या हिशेबापेक्षा जास्त खरं सांगतील, कारण ते तुमच्या गाडीचे असतील.

आईंसाठी वेगळं लिहिते. त्यांना वरच्या बंकवर झोपवू नका. तिथे ऊब जास्त असते हे खरं, पण रात्री उठून शिडी उतरायची म्हणजे धोका. खालच्या बाकाचं अंथरूण त्यांना द्या, भिंतीच्या बाजूला जाड घोंगडी उभी लावा, कारण पाठ भिंतीला टेकली की थंडी हाडात जाते. झोपायच्या आधी पाऊण तास गरम पाण्याची पिशवी पायथ्याशी ठेवा. दोन लिटर पाण्यात इतकी ऊब असते की पहाटेपर्यंत पाय गार पडत नाहीत आणि बॅटरीतला एक कणही खर्च होत नाही. उशाशी टॉर्च, थर्मासमध्ये कोमट पाणी, पायांत मोजे. त्यांची रोजची औषधं आतल्या कपाटात ठेवा. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नकोत, तिथे रात्री बाहेरइतकीच थंडी असते. रोजच्या मुक्कामापासून दवाखाना किती तासांवर आहे हे घरी एकाला कळवून ठेवा, आणि फोनला रेंज नसलेल्या भागात जाणार असाल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सोबत घ्या.

सकाळी त्यांना सूर्योदय बघायचा असेल, आणि तो बघायलाच हवा. फक्त दार उघडल्यावर आधी तुम्ही उतरा. धातूच्या पायरीवर पहाटे दहिवराचा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसत नाही, पाऊल टाकल्यावरच कळतो. रात्री झोपताना पायरीवर एक जुनं पोतं टाकून ठेवा, सकाळी ते उचललं की पायरी कोरडी मिळते.